दुखतो गुडघा, सरकलेला असतो खुबा

बारा-तेरा वर्षांचं मूल काही आठवडे लंगडतं. कुठे दुखतं विचारलं, की गुडघ्यावर हात ठेवतं. गुडघ्याच्या एक्स-रेत काही सापडत नाही, मग ‘वाढीचं वय आहे’ म्हणून बँडेज बांधलं जातं. बिघाड खरं तर खुब्यात असतो, तो सरकलेला असतो; पण खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच असल्याने ही फसगत होते आणि त्यात मोलाचे आठवडे जातात. मुलाला उताणं झोपवून पाय पोटाकडे दुमडताना गुडघा आपोआप बाहेर वळत असेल, तर खुब्याचे समोरून आणि बाजूने एक्स-रे त्याच दिवशी काढायला हवेत.

मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते, ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं ती जागा. उंची झपाट्याने वाढते त्या काळात ती कमकुवत असते, आणि वजन जास्त असेल तर तिच्यावरचा ताण आणखी वाढतो. मग ती निसटते. गंमत म्हणजे गोळा उखळीत जागेवरच राहतो, सरकते ती मान. दहा वर्षांच्या आतल्या मुलात असं झालं, तर थायरॉइडसारख्या ग्रंथीही तपासतात.

निदान झालं, की त्या पायावर एक पाऊलही टाकू द्यायचं नाही. ऑपरेशनमध्ये मांडीवर जेमतेम सेंटीमीटरभर छेद घेतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बारीक तार गोळ्याच्या मध्यापर्यंत नेतात आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू आत फिरवतात. टोक सांध्यात घुसता कामा नये. आहे त्या जागी हाड पक्कं झालं, की चकतीच्या जागी हाड भरून येतं आणि सरकणं थांबतं. तिथली वाढही थांबते, पण पायाची बहुतेक वाढ गुडघ्यापाशी होत असल्याने उंचीत फार फरक पडत नाही.

‘मग ओढून नीट का बसवत नाहीत?’ हा आईवडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नाजूक वाहिन्या मानेला चिकटून जातात. जोर लावला आणि त्या तुटल्या, तर गोळा मरतो. तरुणपणीच सांधा बदलायची वेळ येऊ शकते. त्यापेक्षा थोडं वाकडं पण जिवंत हाड केव्हाही बरं. फार सरकलं असेल, तर या वाहिन्या जपत उघडं ऑपरेशन करून गोळा बसवता येतो, पण ते मोजक्या अनुभवी हातांचं काम. कुबड्या घेऊनही मूल चालू शकत नसेल, तर गोळा मरण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. अशा वेळी थेट इमर्जन्सी गाठावी.

काही मुलांचा दुसरा खुबाही नंतर सरकतो. म्हणून वाढ संपेपर्यंत तपासण्या चुकवू नयेत, आणि त्या बाजूचा नुसता गुडघा दुखला तरी डॉक्टरांना लगेच दाखवावं.