अडुसष्ट लिंगं आणि ९७ अंकी संख्या

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पहिल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, निघतात ते ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेली ही लिंगं. मिरवणूक बघता बघता भाचीने विचारलं, "मामा, या लिंगांकडे क्रम बदलून जायचं ठरवलं तर किती तऱ्हांनी जाता येईल?"

मी चार शेंगा कट्ट्यावर मांडल्या. पहिल्या जागी चारांतली कुठलीही, दुसऱ्या जागी उरलेल्या तिघींतली, मग दोघींतली, शेवटी एकच. ४ × ३ × २ × १ = २४. तिने खरंच मांडून मोजलं, चोवीसच भरल्या.

हा हिशेब आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त विचारलं आहे: शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर ३६,२८,८००. ज्या शतकात सोलापुरात लिंगं स्थापली गेली, त्याच शतकातला हा प्रश्न, हे मला फार मोलाचं वाटतं.

दहाचे छत्तीस लाख, तर ६८ चे? १ ते ६८ चा गुणाकार, म्हणजे ६८ चं क्रमगुणित, ९७ अंकी आहे. सुरुवात २४८ ने होते. सेकंदाला दहावर अठरा शून्यं इतके क्रम तपासणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, अखंड चाललं असतं, तरी तपासलेल्या क्रमांची संख्या ३६ अंकीच भरली असती.

एवढी अवाढव्य संख्या, पण न लिहिताही तिच्याबद्दल किती सांगता येतं बघा. तिच्या शेवटी १५ शून्यं आहेत. शून्य मिळायला एक २ आणि एक ५ लागतो. २ भरपूर आहेत, तेव्हा ५ मोजायचे. ६८ पर्यंत पाचाने भाग जाणाऱ्या १३ संख्या, शिवाय २५ आणि ५० मध्ये एकेक जादा.

तिला १ ते ६८ मधल्या प्रत्येक संख्येने पूर्ण भाग जातो, हे उघड आहे. ६९ म्हणजे ३ × २३ आणि ७० म्हणजे २ × ५ × ७, म्हणून त्यांनीही जातो. गाडी अडते ती ७१ ला, कारण ती मूळ संख्या. मग बाकी किती? विल्सनच्या नावाचा सिद्धांत सांगतो, की १ ते ७० चा गुणाकार ७१ ने भागला तर बाकी ७० उरते. यातले ६९ आणि ७० हे ७१ पेक्षा २ ने आणि १ ने कमी, म्हणून बाकीच्या हिशेबात त्यांचा गुणाकार नुसता २ सारखा वागतो. म्हणजे आपल्या संख्येच्या दुपटीची बाकी ७०, आणि तिची स्वतःची ३५.

भाचीला पटेना. म्हटलं, ७१ च्या जागी ७ घे. ६८ जसे ७१ पेक्षा तीनने कमी, तसे ४ हे ७ पेक्षा. तिने शेंगांच्या त्या २४ ला सातने भागलं. सात त्रिक एकवीस, बाकी तीन. सहाच्या निम्मे.