पटिंगचा सराव

पटिंगचा सराव : गोल्फमध्ये ग्रीनवरचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा) बॉल पटरने, म्हणजे सपाट तोंडाच्या काठीने, घरंगळत होलमध्ये घालण्याच्या फटक्याला पट म्हणतात. या फटक्याची दिशा, वेग आणि उताराचा अंदाज सुधारण्यासाठी केलेला सराव म्हणजे पटिंगचा सराव.

पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेल्या कोर्सवर दर ग्रीनला दोन याप्रमाणे ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ पटरचा. तरी हौशी खेळाडूचा बहुतेक वेळ ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर जातो. पटिंग ग्रीनवर जो वेळ मिळतो, तोही पंधरा फुटांवरून तीन-तीन बॉल मारण्यात संपतो. त्यातून फारसे काही हाती लागत नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होल करतात आणि वीस फुटांवरून सातांतून एखादा. तीन फुटांवरून मात्र ते क्वचितच चुकतात. त्यामुळे फटके वाचवायचे तर ते दोन ठिकाणी वाचतात : तीन ते सहा फुटांचे पट न चुकवण्यात, आणि तीस फूट व त्यापुढचा पहिला पट होलच्या इतका जवळ नेण्यात की तिसरा मारायची वेळ येऊ नये.

बॉल ठरवलेल्या रेषेवर न सुटणे, वेग चुकणे आणि उतार चुकीचा वाचणे ही पट हुकण्याची तीन कारणे. बॉल होलच्या बाजूने निघून गेल्यावर यांतले नेमके कोणते घडले हे सांगणे अवघड असते, म्हणून तिन्हींचा सराव सुटा सुटा करावा लागतो.

दिशा : होलचा व्यास १०८ मिमी आणि बॉलचा किमान ४२.६७ मिमी असतो. दहा फुटांच्या सरळ पटात दिशा एका अंशाने चुकली, की बॉलचा मध्य होलच्या मध्यापासून सुमारे ५३ मिमी बाजूला, म्हणजे अगदी काठावर जातो. बॉल कोणत्या दिशेने सुटणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) कुठे रोखलेला आहे यावर ठरते. पटर कोणत्या वाटेने आला याचा परिणाम त्या मानाने थोडा. यासाठी टींचे (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्यांचे) फाटक हा सर्वांत खात्रीचा सराव. ग्रीनवर सपाट जागा शोधावी, बॉलपुढे दोन फुटांवर दोन टी रोवाव्यात आणि त्यांच्यामध्ये ५५ मिमी मोकळी जागा ठेवावी. बॉलला दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा मिमी उरतात. या फाटकातून न अडता गेलेल्या बॉलची चूक सुमारे ०.६ अंशाच्या आत असते, म्हणजे दहा फुटांवरच्या होलसाठी ती दिशा पुरेशी आहे.

टीला लागलेला बॉलही बरेच सांगून जातो. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डाव्या टीला लागला तर फेस बंद, म्हणजे डावीकडे वळलेला होता, उजव्या टीला लागला तर उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला. बॉल सतत एकाच बाजूला जात असेल तर दोष बहुधा नेम धरण्यात किंवा उभे राहण्यात असतो. डाव्या डोळ्याखालून एक बॉल सोडून पाहावा. तो खाली ठेवलेल्या बॉलवर किंवा त्याच्या किंचित आतल्या बाजूला पडायला हवा. चुका दोन्ही बाजूंना होत असतील, तर आघाताच्या वेळी पकड आवळली जात असते किंवा मनगटे वळत असतात. दुसऱ्या एका सरावात पटरच्या डोक्याच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर सोडून टी रोवतात. बॉल फेसच्या मध्यावर लागत नसेल तर पटर टीला घासतो. मध्य चुकलेला बॉल वेग गमावतो आणि आखूड पडतो. टायगर वुड्स असे फाटक लावून फक्त उजव्या हाताने पट मारण्याचा सराव करतो.

वेग : सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. चुकलेला बॉल होलच्या पुढे फूट-दीड फुटावर थांबेल असा वेग ठेवावा. त्याहून जोरात आलेल्या बॉलसाठी होल जणू लहान होतो, काठावरचा बॉल आत न पडता फिरून बाहेर येतो. सरावासाठी २०, ३० आणि ४० फुटांवर टी रोवून एकेका अंतरावर आळीपाळीने एकच बॉल मारावा. बॉल टीच्या पुढे गेला पाहिजे, पण तीन फुटांच्या आत थांबला पाहिजे. एकाच जागेवरून लागोपाठ बॉल मारले, की दुसरा पट पहिल्याच्या अनुभवावर जातो, आणि ही सोय कोर्सवर कुणालाच नसते. अंतर वाढले तर पटर जास्त मागे न्यावा, लय तीच ठेवावी. आखूड मागे नेऊन जोरात ढकलण्याच्या सवयीमुळे वेगाचा भरवसा राहत नाही.

उतार : होलच्या भोवती चालून सरळ चढाची रेषा शोधावी आणि चार फुटांवर घड्याळाच्या आकड्यांसारख्या आठ टी लावाव्यात. चढाच्या आणि उताराच्या रेषेवरचे पट सरळ जातात, त्यांना काटकोनात असलेल्या बाजूंचे सर्वाधिक वळतात. प्रत्येक पटापूर्वी बॉल कुठून आत शिरेल ती जागा मनाशी नक्की करावी आणि चुकला तर वरच्या बाजूने की खालच्या, हे टिपून ठेवावे. बहुतेक खेळाडू वळण कमी धरतात. खालच्या बाजूने गेलेला बॉल होलपासून दूरच जात राहतो, वरच्या बाजूच्या बॉलला निदान आत येण्याची संधी असते.

भारतातल्या पुष्कळ ग्रीनवर बर्म्युडा गवत असते आणि त्याच्या पात्यांचा कल बॉलच्या वेगावर परिणाम करतो. गवत चकचकीत दिसत असेल तर बॉल कलाच्या दिशेने, म्हणजे वेगाने जाणार. गडद, मंद दिसत असेल तर कलाविरुद्ध. महाराष्ट्रात पावसाळ्यात ग्रीन ओले आणि संथ होतात, तेव्हा वेगाचा सराव वाया जातो. ते महिने घरी दिशेला द्यावेत. जमिनीवर एक मीटरची स्टीलची पट्टी ठेवून तिच्यावरून बॉल खाली न पडता शेवटपर्यंत घरंगळवणे हा पुरेसा कठीण सराव आहे. गालिच्यावर कमावलेला वेग मात्र ग्रीनवर उपयोगी पडत नाही.

सामन्याच्या दिवशी सराव ग्रीनवर आधी लांब पट मारून त्या दिवसाचा वेग हाताला कळू द्यावा, मग तीन-चार फुटांचे काही पट होल करावेत. खेळ सुरू असताना एक होल संपवून पुढचा सुरू करण्यापूर्वी, नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर सरावाचे पट मारायला नियमांची मुभा आहे, मात्र स्थानिक नियमाने ती काढून घेतलेली असू शकते आणि खेळ खोळंबता कामा नये.