स्लाइड स्कॅनमधील ग्रेन

फिल्म स्लाइड स्कॅन केल्यावर पडद्यावर दिसणारा रवाळपणा आणि तो आटोक्यात आणण्याच्या पद्धती. रंगीत स्लाइड धुताना चांदी निघून जाते, रंगद्रव्याचे सूक्ष्म पुंजके उरतात. ग्रेन म्हणून दिसतात ते हेच. वेलव्हिया ५० किंवा प्रोव्हिया १००एफ या फिल्मवर ते फार बारीक असतात. ४०० आयएसओची फिल्म, त्यातही पुश करून (कमी उजेडात टिपून, जास्त वेळ) धुतलेली, बरीच खरबरीत. पेंच-ताडोब्याच्या झाडीत पहाटे वाघ टिपायचा तर नागपूरच्या छायाचित्रकाराला अशाच वेगवान फिल्मचा आधार असे.

मात्र स्कॅनमध्ये दिसणारा सगळा ग्रेन फिल्मचा नसतो. सुमारे २७०० डीपीआयला (एका इंचात इतके ठिपके वाचताना) स्कॅनरचे नमुने आणि पुंजक्यांची रचना यांचा मेळ बसत नाही आणि ग्रेन मूळापेक्षा जाड उमटतो. याला ग्रेन अलायझिंग म्हणतात. म्हणून ४०००ला स्कॅन करून (३५ मिमीच्या चौकटीचे सुमारे २ कोटी १० लाख पिक्सेल) मग चित्र लहान करणे बरे. निकॉन कूलस्कॅनसारख्या यंत्रातला एलईडीचा प्रकाश ग्रेन आणि ओरखडे दोन्ही ठळक करतो. पसरट प्रकाशात ते सौम्य दिसतात.

अंधाऱ्या स्लाइडच्या सावल्यांत दिसते ती बहुधा स्कॅनरची खरखर (नॉइज). तिथे मल्टी-सॅम्पलिंग, म्हणजे तीच जागा अनेकदा वाचून सरासरी काढणे, उपयोगी पडते. ग्रेनवर त्याचा परिणाम शून्य, कारण तो प्रत्येक वाचनात जागच्या जागीच असतो! स्कॅनरमधले डिजिटल आइस हे साधनही ग्रेन काढत नाही. ते इन्फ्रारेडने धूळ-ओरखडे शोधते, आणि कोडाक्रोम या जुन्या स्लाइड फिल्मवर अनेकदा फसते. नागपूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये धूळ फिल्मला चिकटून बसते. पण त्यावर कूलरच्या ओल्या हवेचा उपाय करू नये. त्या ओलाव्यावर बुरशी पोसते आणि तिचे ठिपके ग्रेनमध्ये मिसळून जातात. आधी ब्लोअर, मग स्कॅन.

सॉफ्टवेअरचा वापर शेवटी आणि हात राखून. स्कॅनरमधले जेम हे ग्रेन कमी करणारे साधन जोरात लावले तर वाघाच्या मिशाही पुसल्या जातात. ग्रेन डोळ्यांत भरतो तो सपाट मधल्या छटांत: दीक्षाभूमीच्या घुमटामागचे आकाश घ्या. मास्क लावून (बाकीचे चित्र झाकून) तेवढ्याच भागात, आधी रंगातला ग्रेन कमी करावा; उजेडातला शक्यतो राहू द्यावा. शार्पनिंग त्यानंतरच, नाहीतर तेच ग्रेनला धार लावते. १२ × ८ इंची प्रिंटवर बारीक फिल्मचा ग्रेन एरवीही जवळपास दिसत नाही.