कार्चनर गुहा राज्य उद्यान

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, बेन्सन गावाच्या दक्षिणेस व्हेटस्टोन पर्वताच्या पायथ्याशी असलेले संरक्षित क्षेत्र. येथील गुहा नैसर्गिक असून (लेण्यांसारखी कोरलेली नव्हे) ‘जिवंत’ मानली जाते; तिच्यात पाणी ठिबकते व लवणस्तंभ (ठिबकत्या पाण्यातील विरघळलेला चुना साचून बनणारे खांब) अजून वाढत आहेत.

गुहा एस्काब्रोसा चुनखडकात आहे. हा खडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. पुढे विभंगांमुळे (खडक तुटून सरकल्यामुळे) त्याला भेगा पडल्या व त्यांतून झिरपलेल्या, कार्बोनिक आम्लयुक्त पाण्याने तो विरघळला. पोकळी भूजलपातळीखाली, पाण्याने भरलेल्या अवस्थेत तयार झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ती केव्हा तयार झाली, हे सांगणे अवघड. युरेनियम-श्रेणी पद्धतीने (युरेनियमच्या किरणोत्सर्गी क्षयावरून) काढलेली लवणस्तंभांची वये सुमारे दोन लाख वर्षांपर्यंत जातात. पण लवणस्तंभ पाणी ओसरल्यावरच वाढतात, म्हणून ही पोकळीच्या वयाची किमान मर्यादा समजावी. ‘कुब्ला खान’ हा सलग स्तंभ सुमारे १७.७ मी. उंच आहे. छतापासून लोंबणारी काडीसारखी एक पोकळ नळी ६.४ मी.हून लांब आहे.

गॅरी टेनन व रँडी टफ्ट्स यांनी १९७४ मध्ये गुहा शोधली. नासधूस टळावी म्हणून त्यांनी ती गुप्त ठेवली. जमीनमालक कार्चनर कुटुंबाला १९७८ मध्ये सांगितले. राज्याने ती १९८८ मध्ये घेतली आणि १९९९ मध्ये खुली केली.

खरा धोका कोरड्या वाळवंटी हवेचा. आतील आर्द्रता सुमारे ९९ टक्के असते; ती घटली की ठिबक थांबते व स्तंभांची वाढ खुंटते. म्हणून प्रवेशासाठी खोदलेल्या बोगद्यात एकामागून एक बंद होणारी दारे बसवली आहेत. प्रवेश करताना अंगावर पाण्याचे तुषार पडतात. कपड्यांवरील तंतू त्यामुळे आत उडत नाहीत. स्तंभाला बोट लागल्यास त्वचेचे तेल कॅल्साइट (स्तंभ ज्याचे बनतात ते चुन्याचे खनिज) चिकटू देत नाही, त्यामुळे ती जागा खूण करून नंतर धुतली जाते.

आत मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. कॅमेरा व पिशवी बाहेर ठेवावी लागते. रोटुंडा व थ्रोन दालनांची फेरी सुमारे दीड तासाची. तापमान २०–२२° से. असले, तरी दमट हवेमुळे उकडते. बिग रूम दालन एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, कारण तेथे वटवाघळांच्या माद्या पिले वाढवतात.