नैराश्य हा ‘पाश्चात्त्यांचा आजार’ नाही

इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षे ऐकू येते की नैराश्य हा पाश्चात्त्यांचा आजार असून एकत्र कुटुंबात तो होत नाही. हे खरे नाही. आपल्याकडचा माणूस ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘कशात मन लागत नाही, डोके जड झाले आहे, झोप उडाली आहे’ असे म्हणतो, आणि घरच्यांनी ते नुसता थकवा समजून सोडून द्यावे, याचे मला फार वाईट वाटते. झिम्बाब्वेतील शोना भाषेत याच अवस्थेला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, म्हणतात. तेथे हरारेत २००६ साली सुरू झालेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमात प्रशिक्षित आज्या बाकावर बसून रुग्णाशी याच शब्दांत बोलतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्याकडील रुग्णांची लक्षणे सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली.