वस्तुमान आणि वजन

वस्तूत द्रव्य किती आहे याचे माप म्हणजे वस्तुमान, आणि त्या वस्तूला पृथ्वी ज्या बलाने स्वतःकडे ओढते ते बल म्हणजे वजन. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात. वजन हे बल असल्याने त्याचे एकक न्यूटन, आणि बल म्हटले की दिशाही आली. दोहोंना जोडणारे सूत्र छोटे आहे : वजन = वस्तुमान × गुरुत्व त्वरण (मोकळी पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते). पृथ्वीवर गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ मी./से.² असते. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन त्यामुळे इथे ५८८ न्यूटन भरते, चंद्रावर ९७ न्यूटनच्या आसपास. माणूस मात्र तेवढाच.

‘माझे वजन साठ किलो’ हे बोलणे सूत्राशी जुळत नाही, पण त्यावरून कोणाला हसण्याचे कारण नाही. मोजमाप ठरवणाऱ्यांनाही हा घोळ निस्तरावा लागला होता. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे, असे वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्ये ठराव करून जाहीर केले. प्रमाण गुरुत्व त्वरणाचा ९.८०६६५ मी./से.² हा आकडाही त्याच ठरावातला.

खरा फरक कळतो तो काट्यापाशी. तराजूच्या एका पारड्यात कांदे आणि दुसऱ्यात शिक्का मारलेले एक किलोचे माप ठेवले, की पृथ्वी दोन्ही पारडी सारख्याच त्वरणाने ओढते. गुरुत्व दोन्हीकडून वजा होते आणि उरते ती वस्तुमानांची तुलना. हा तराजू चंद्रावर नेला तरी दांडी तितक्याच कांद्यांना समतोल होईल. रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्याचे तसे नाही. तो स्प्रिंग किती ताणली गेली तेवढेच पाहतो, म्हणजे बल मोजतो. तबकडीवर ‘किलो’ छापलेले असते एवढेच. चंद्रावर तोच काटा एक किलो कांदे १६५ ग्रॅम दाखवील.

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही बलच मोजतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ तर ध्रुवांवर ९.८३ असते. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला तर किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवतो. कांद्याला चिकटलेली माती याहून जास्त असते. सराफाला मात्र शंभर ग्रॅम सोन्यामागे पन्नास-साठ मिलिग्रॅमचा फरक चालत नाही. म्हणून अचूक काटे जिथे वापरायचे तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवतात. इथे काटा मारणारा दुकानदार नसतो, भूगोल असतो.

हा फरक पहिल्यांदा ध्यानात आला तो घड्याळामुळे. फ्रेंच खगोलज्ञ झां रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. गुरुत्व कमी असले की लंबक संथ झुलतो, म्हणून तो जवळपास तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे हे दाखवताना न्यूटनने या निरीक्षणाचा आधार घेतला.

वस्तुमानाचा आणखी एक गुण म्हणजे जडत्व : गतीत बदल करू पाहणाऱ्या बलाला वस्तू किती दाद देत नाही ते. रिकामी हातगाडी आणि भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावर ढकलून पाहिली की हे खांद्याला समजते. तिथे कोणी गाडी उचलत नसतो. अंतराळात हाच गुण कामी येतो. सुमारे ४०० कि.मी. उंचीवरच्या अंतराळ स्थानकात गुरुत्व नाहीसे झालेले नसते, जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. पण स्थानक आणि आतला माणूस दोघेही पृथ्वीकडे एकत्र पडत असल्याने काट्यावर दाबच पडत नाही. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांना स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीत बसवून हेलकावे देत. माणूस जितका जड, तितका हेलकावा संथ. एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळावरून वस्तुमान निघे. ‘वजनरहित’ माणसाचे वस्तुमान असे मोजले जाते.

आता एक अडचणीचा प्रश्न उरतो. ढकलताना जाणवणारे वस्तुमान आणि पृथ्वी ज्याला ओढते ते वस्तुमान एकच कशावरून? न्यूटनने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू सारख्याच पेट्यांत भरून त्यांचे लंबक केले आणि सगळे एकाच लयीत झुलतात हे पाहिले; दोन वस्तुमाने वेगळी असती तर लयही वेगळी पडली असती. त्याची खात्री हजारात एका भागापर्यंतची होती. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ ओत्व्होश यांनी पिळाच्या तराजूने, म्हणजे बारीक तारेला बसणाऱ्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणाने, ती कित्येक पटींनी वाढवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही कर्नाटकात गौरीबिदनूरच्या भूमिगत प्रयोगशाळेत पिळाच्या तराजूवर या समतेची परीक्षा घेतली. फरक आजवर सापडलेला नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेचा पाया हीच समता आहे.

किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा, ३९ मि.मी. उंचीचा दंडगोल, ही १८८९ पासूनची व्याख्या २० मे २०१९ रोजी बदलली. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे पुंजभौतिकीतल्या एका कधीही न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. तो प्रत्यक्षात आणणाऱ्या किबल तराजूत दुसऱ्या पारड्यात माप नसते, विद्युतचुंबकीय बल असते. त्यामुळे तिथे गुरुत्व वजा होत नाही. त्या खोलीतले गुरुत्व त्वरण स्वतंत्रपणे, फार बारकाईने मोजावे लागते, आणि त्यासाठी निर्वात नळीत एक आरसा पुन्हा पुन्हा खाली सोडून त्याचे पडणे लेसरने टिपतात.