शॉकअप अडखळतो, तेव्हा दोष सीलचा किती?

मोटोक्रॉसची बाइक दीड-दोन माणसांच्या उंचीवरून खाली येते, पुढचं चाक मातीत रुततं आणि स्वार काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या वळणाला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, पुढच्या शॉकअपची खरी कसोटी इथेच लागली. पण ट्रॅकवरून परतलेल्या स्वाराला विचारलं तर तो उडीबद्दल क्वचितच बोलेल. त्याची तक्रार असते ती वळणाआधी सगळ्यांनी ब्रेक मारून मारून जमिनीत पडलेल्या बारीक खळग्यांची. तिथे हँडल थरथरतं, पंजे बधिर होतात आणि चाक जमीन सोडून नाचायला लागतं.

उडीचा दणका शेकडो किलोंचा असतो. त्यापुढे फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन पायांतलं, घर्षण किरकोळ ठरतं. खळग्याचा धक्का मात्र लहान असतो. घर्षणाला ओलांडण्याइतकाही जोर त्यात नसेल, तर फोर्क जागचा हलतच नाही. तीनशे मिलिमीटर दबू शकणारा महागडा फोर्क त्या क्षणापुरता निव्वळ लोखंडी दांडा होतो.

याने किती बिघडतं, याचा हिशोब सोपा आहे. ४५० सीसीच्या मोटोक्रॉस बाइकच्या फोर्कमध्ये प्रत्येक पायात साधारण ०.५० किलो प्रति मिलिमीटर ताकदीची स्प्रिंग असते. दोन्ही पाय मिळून मिलिमीटरला एक किलो. समजा दोन्ही पायांतलं एकूण घर्षण पाच किलो आहे. मग फोर्क जिथे थांबायला हवा, त्याच्या पाच मिलिमीटर वर किंवा पाच मिलिमीटर खाली, कुठेही थांबू शकतो. म्हणजे दहा मिलिमीटरचा असा पट्टा तयार झाला की ज्यात स्प्रिंगचं काहीच चालत नाही. सॅग, म्हणजे भाराने फोर्क किती बसतो ते, मोजताना दर वेळी वेगळा आकडा येतो, त्यामागे बहुतेकदा हाच पट्टा असतो.

हे घर्षण कमी करायला घरच्या घरी बसवता येतील असे ‘लो फ्रिक्शन’ सीलचे, म्हणजे तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्यांचे, संच मिळतात. स्वीडनच्या एसकेएफ कंपनीचे हिरवे सील त्यात सगळ्यात जास्त ओळखीचे. ते बसवल्यावर फरक पडतो का? पडतो. पण फोर्कमधलं घर्षण दोन जातींचं असतं आणि सील त्यातल्या एकाच जातीवर इलाज करतात. पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

आधी आतली रचना. आजच्या मोटोक्रॉस बाइकचा फोर्क ‘उलटा’ असतो. जाड अ‍ॅल्युमिनियमची नळी वर, ‘टी’मध्ये (हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये) आवळलेली, आणि तिच्यात खालून शिरणारा स्टीलचा क्रोम केलेला पाइप, बहुतेक ४८ मिलिमीटर व्यासाचा. नळी आणि पाइप एकमेकांना थेट घासू नयेत म्हणून मध्ये टेफ्लॉनचा थर दिलेले दोन बुश असतात. एक नळीच्या खालच्या तोंडाशी, दुसरा पाइपच्या वरच्या टोकाला. खालच्या बुशच्या पुढे ऑइल सील, मग तारेचं लॉक आणि सगळ्यात बाहेर डस्ट सील.

ऑइल सीलचं काम ऐकायला सोपं आहे: तेल आत ठेवायचं. ते जमतं कसं, हे मात्र मोठं सुरेख आहे. सीलची रबरी धार पाइपला चिकटून असते आणि तिच्या पाठीमागे बारीक स्प्रिंगचं कडं तिला आवळून धरतं. धार पाइप कोरडा पुसून काढत नाही. तसं झालं असतं तर रबर काही तासांत जळून गेलं असतं. पाइप बाहेर सरकताना अंगावर तेलाचा अतिशय पातळ थर घेऊन जातो, मायक्रॉनच्या आतबाहेरचा. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. मग हा थर बाहेर साचत का नाही? कारण धारेचे दोन उतार सारखे नसतात. तेलाच्या बाजूचा उतार उभा असतो, हवेच्या बाजूचा सपाट. उभ्या उताराखालून निघताना थर पातळ होतो, आणि परतताना सपाट उतार त्याहून जाड थर आत ओढू शकतो. बाहेर जातं त्यापेक्षा जास्त आत घेण्याची तयारी, म्हणून फोर्क गळत नाही. हाच सील उलटा बसवला, तर तो इमानेइतबारे तेल बाहेर उपसतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची, यामागचं शास्त्र हे.

थर आहे तोवर रबर आणि क्रोम एकमेकांना जवळजवळ शिवत नाहीत. घर्षण वाढतं ते हालचाल मंदावल्यावर. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ साली बेअरिंगवर मोजमापं करून दाखवलं की वंगण दिलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण वेगाप्रमाणे बदलतं. अगदी मंद गतीला ते सर्वांत जास्त असतं, वेग वाढला की झपाट्याने उतरतं, आणि पुढे तेलाच्या चिकटपणामुळे पुन्हा हळूहळू चढतं. फोर्क दर धक्क्याला दोनदा दिशा बदलतो, म्हणजे दोनदा क्षणभर थांबतो आणि दोनदा त्या आलेखाच्या सगळ्यात वाईट टोकाला जाऊन येतो. बाइक रात्रभर उभी असेल तर धारेखालचं तेल दाबाने बाजूला सरकतं आणि रबर थेट क्रोमला चिकटतं. सकाळी हँडल पहिल्यांदा दाबताना जो ‘टक्’ लागतो, तो त्याचाच.

चांगल्या लो फ्रिक्शन सीलमध्ये याच ठिकाणी काम केलेलं असतं. रबराचं मिश्रण कमी चिकटणारं, धारेचा आकार वेगळा, आवळण्याचा जोर बेताचा. त्या जोराला मर्यादा आहे. तो फार कमी केला तर धूळ आत जाईल आणि तेल बाहेर येईल. घर्षण नसलेला सील म्हणजे न टेकणारा सील, आणि तो काय कामाचा?

बसवण्यापूर्वी एक प्रयोग जरूर करावा. नवा सील पुसलेल्या कोरड्या पाइपवर चढवून बोटांनी ढकला. तो अडकत, कुरकुरत, वाकडा होत सरकतो. आता धारेला सस्पेन्शनसाठीचं पातळ ग्रीस बोटाने लावा आणि पुन्हा ढकला. तोच सील दोन बोटांनी सहज फिरतो. मग डस्ट सील घेऊन हेच करा. अनेकदा असं दिसतं की जास्त अडतो तो डस्ट सीलच. त्याच्यामागे तेल नसतं, त्याला मिळतं ते फक्त आपण लावलेलं ग्रीस, आणि तेच धुऊन जातं. बाइक धुताना प्रेशरचा फवारा थेट डस्ट सीलवर मारणारे लोक या बाबतीत स्वतःचेच शत्रू. गंज सोडवणारा स्प्रे तिथे मारण्याची सवयही तशीच. त्यातलं द्रावण आधी आतलं ग्रीस विरघळवतं आणि मग स्वतः उडून जातं.

म्हणून सगळ्यात स्वस्त सुधारणा नव्या सीलची नव्हे, ग्रीसची. डस्ट सील खाली सरकवायचा, दोन्ही सीलमधली जागा स्वच्छ पुसायची, धारांना ग्रीस द्यायचं आणि तो परत दाबून बसवायचा. ग्रीस भरमसाट भरू नये. जास्तीचं ग्रीस बाहेर येऊन मुरुमाची धूळ गोळा करतं आणि तिची पेस्ट क्रोमला घासपेपरसारखी लागते. बेअरिंगचं जाड ग्रीसही इथे नको. माउंटन बाइकच्या काही फोर्कमध्ये तेलात भिजवलेलं फोमचं कडं या जागी असतं. ते पाहून आपल्या फोर्कमध्ये स्पंजची पट्टी कापून घालणारे उत्साही लोकही आहेत. आपल्याकडच्या धुळीत मी तरी ते करणार नाही. स्पंज तेल धरतो, तशी धूळही धरतो.

सील बदलायचेच असतील तर कारागिरी सीलच्या किमतीपेक्षा महत्त्वाची. पाइपच्या टोकाला बुशची खाच असते, तिच्या कडा धारदार असतात. त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढून, तिला तेल लावून मगच सील चढवायचे. क्रम चुकवायचा नाही: आधी डस्ट सील, मग लॉक, मग ऑइल सील, वॉशर आणि शेवटी बुश. गॅरेजमध्ये सगळं सामान पेट्रोलच्या डब्यात बुडवण्याची पद्धत आहे. धातूचं ठीक आहे, पण नायट्राइल रबर पेट्रोलमध्ये फुगतं. पाइपवर नखाने हळूच खालीवर चाचपा. दगड लागून उठलेला टवका नखाला लागला, तर तेवढाच उंचवटा बारीक, १००० किंवा १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून उतरवायचा. तोही तिरका घासून, कारण पाइपच्या लांबीत ओढलेला प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेर यायची वाट करून देतो. जपून, क्रोमचा थर फार पातळ असतो.

इथवर सीलचं झालं. सीलचं घर्षण साधारण ठरलेलं असतं. बाइकवर भार असो वा नसो, ते फारसं बदलत नाही. दुसरी जात बुशची, आणि ती भाराबरोबर वाढते.

फोर्क उभा नसतो, तिरका असतो. उभ्या रेषेपासून साधारण २७ अंश. त्यामुळे जमिनीकडून येणाऱ्या उभ्या जोराचा ८९ टक्के भाग फोर्कच्या लांबीत जातो आणि ४५ टक्के भाग त्याला आडवा वाकवतो. (बेरीज शंभरच्या वर गेली म्हणून दचकू नये, काटकोनातल्या जोरांची बेरीज वर्गांनी होते.) हा आडवा जोर पेलतात दोन बुश. जुन्या लाकडी कपाटाचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरका होऊन अडकतो, तसाच हा प्रकार. ढोबळ आकडे घेऊ. फोर्क पूर्ण ताणलेला असताना चाकाच्या आसापासून खालचा बुश ४०० मिलिमीटरवर आणि दोन बुशांमधलं अंतर २०० मिलिमीटर आहे असं धरलं, तर वरच्या बुशवर आडव्या जोराच्या दुप्पट आणि खालच्यावर तिप्पट भार येतो. तेल लागलेल्या टेफ्लॉनचा घर्षणांक ०.०५ धरू. १०० किलोच्या उभ्या भाराला आडवा जोर ४५ किलो, बुशांवर मिळून २२५ किलो, आणि घर्षण ११ किलोंच्या वर. फोर्कला दाबायला जो ८९ किलोंचा जोर मिळाला, त्याचा आठवा हिस्सा बुशांनीच खाल्ला. फोर्क शंभर मिलिमीटर दबला की खालचा बुश आसाजवळ येतो, बुशांमधलं अंतर वाढतं आणि हेच घर्षण सात किलोंच्या खाली उतरतं. त्यात ब्रेक दाबला, तर ब्रेकच्या कॅलिपरचा पिळा ज्या पायावर कॅलिपर आहे त्या एकट्यावर येतो.

या घर्षणाला हिरवा, निळा कुठलाच सील हात लावू शकत नाही. टेफ्लॉन झिजून खालचा पितळी रंग दिसायला लागला की बुश बदलायचे, हा एक उपाय. दुसरा फुकटचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो: दोन्ही पाय एकमेकांना समांतर ठेवणं. चाक बसवताना आसाचा नट आवळून लगेच खालचे क्लॅम्पचे बोल्टही आवळले, तर एक पाय आत ओढलेला किंवा बाहेर ढकललेला राहू शकतो. मग दर वेळी फोर्क दबताना बुश तिरके घासत राहतात. आसाचा नट आवळल्यावर, मोकळ्या सरकणाऱ्या पायाचे क्लॅम्पचे बोल्ट ढिले ठेवून पुढचा ब्रेक धरायचा आणि फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबायचा. पाय आपोआप आपल्या जागी येतो. मगच ते बोल्ट आवळायचे. ‘टी’चे बोल्टही टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. अ‍ॅल्युमिनियमची नळी हवी त्यापेक्षा जास्त आवळली की तिचा गोलाकार बिघडतो आणि तिथून जाणारा बुश अडतो.

दाब वाढला की घर्षण वाढतं, याचा मोठ्या प्रमाणावरचा अनुभव कंपन्यांनी स्वतः घेतला आहे. २०१३ च्या होंडा सीआरएफ४५०आर आणि कावासाकी केएक्स४५०एफवर केवायबी या सस्पेन्शन कंपनीचा हवेचा फोर्क आला. स्प्रिंग काढून टाकल्याने वजन कमी झालं, पण स्प्रिंगच्या जागी भरलेली तीस-पस्तीस पीएसआय हवा मुख्य सीलच्या धारेलाच आतून पाइपवर दाबत होती. लहान खळग्यांवर फोर्क राठ वाटतो, ही तक्रार पाठ सोडेना. २०१७ च्या मॉडेलवर होंडाने शोवा या दुसऱ्या सस्पेन्शन कंपनीचा फोर्क घेऊन स्प्रिंग परत आणली. डब्ल्यूपी कंपनीने केटीएमसाठी केलेल्या एईआर ४८ या हवेच्या फोर्कमध्ये हवा आतल्या वेगळ्या कप्प्यात कोंडलेली असते, म्हणून बाहेरच्या सीलवर तो भार येत नाही. साध्या स्प्रिंगच्या फोर्कमध्येही चालवून तापल्यावर आतली हवा दाब धरते. चाक जमिनीवरून उचलून वरचा ब्लीड स्क्रू क्षणभर सैल केला की ‘फुस्’ होऊन ती निघून जाते.

हे सगळं फक्त रेसच्या बाइकलाच लागू आहे असं नाही. हीरोच्या एक्सपल्स २०० सारख्या बाइकचा ३७ मिलिमीटरचा फोर्क ‘सरळ’ असतो, म्हणजे पाइप वर आणि जाड नळी खाली. त्यात सील खालच्या नळीच्या तोंडाशी, वर बघत बसलेला असतो, त्यामुळे वरून पडणारी माती तिथेच साठते. ग्रीसचं आणि आसाच्या बोल्टांचं महत्त्व तिथे तसूभरही कमी नाही.

सुधारणा झाली की नाही, हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. स्वार बसलेला असताना कुणाला तरी हँडल हळूच खाली दाबून सावकाश सोडायला सांगा आणि पाइपची उघडी लांबी मोजा. मग हळूच वर उचलून सावकाश सोडा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वर सांगितलेला मेलेला पट्टा. आधी फक्त बोल्ट ढिले करून पाय जागेवर आणा आणि मोजा. मग ग्रीस देऊन मोजा. त्यानंतरही पट्टा रुंदच राहिला तर नव्या सीलचा आणि बुशचा खर्च करायचा. बसवल्यानंतर पाइपवर तेलाचं पुसट वर्तुळ दिसलं तर घाबरून पुन्हा फोर्क खोलू नका, तो थर असायलाच हवा. ओघळ येऊन कॅलिपरकडे निघाला, तर मात्र त्याच दिवशी खोला. ब्रेक पॅडने एकदा तेल प्यायलं की ते टाकूनच द्यावे लागतात.